गाव एक, नावं दोन : विंडोजवर लिनक्सच्या कमांड चालवताना फाइलचा पत्ता नेमका कुठे चुकतो?

गोंदिया–बल्लारशा लाइनवरच्या गाडीने गडचिरोली जिल्ह्यात यायचं, तर तिकिटावर स्टेशनचं नाव येतं वडसा. स्टेशनातून बाहेर पडून नगरपरिषदेत किंवा तहसील कार्यालयात गेलं, की पाटी दिसते देसाईगंजची. तालुक्यांच्या यादीतही नाव देसाईगंज, फार तर कंसात वडसा. गाव तेच, वैनगंगेच्या काठचं. पण कोणत्या खिडकीवर कोणतं नाव सांगायचं, हे माहीत नसेल तर नवख्या माणसाची फजिती ठरलेली.

विंडोजच्या कॉम्प्युटरवर लिनक्सच्या कमांड चालवणाऱ्यांची रोज हीच फजिती होते. फाइल तिथेच असते, डोळ्यांना दिसत असते, आणि टर्मिनल मात्र ठणकावून सांगतं की अशी कोणतीही फाइल नाही. कधी त्याहून वाईट होतं. टर्मिनल काहीच तक्रार करत नाही, काम झालं असं वाटतं, आणि फाइल भलत्याच ठिकाणी जाऊन पडलेली असते.

आता तुम्ही म्हणाल, हे प्रोग्रामर लोकांचं दुखणं, आपला काय संबंध? तर संबंध आहे. वडसा हे झाडीपट्टी रंगभूमीचं केंद्र. दिवाळीनंतर भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या गावागावांत रात्रभर नाटकं रंगतात, आणि ती करणाऱ्या अनेक मंडळांची बुकिंगची ऑफिसं याच गावात थाटलेली असतात. याच रंगभूमीवरचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली. आता समजा, एखाद्या मंडळाकडे दहा वर्षांची पोस्टर्स, नाटकांची रेकॉर्डिंग आणि हिशेबाच्या फाइली एका जुन्या विंडोज कॉम्प्युटरवर आहेत. कुणी तरी सुचवतं की व्हिडिओ लहान करायला एफएफएमपेग फुकट आहे, फोटोंसाठी इमेजमॅजिक फुकट आहे, एकदम सगळ्याचा बॅकअप घ्यायला आरसिंक आहे. यूट्यूबवरचे धडे बहुतेक लिनक्सचे. तिथली कमांड इथे चिकटवली, की खेळ सुरू.

(एक सूचना. या लेखात कमांड आणि पाथ वाचायला सोपे जावेत म्हणून देवनागरीत दिले आहेत. टाइप करताना ते अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायचे.)

भांडण सुरू झालं एका तिरक्या रेघेवरून

युनिक्समध्ये पहिल्यापासून एकच झाड आहे. मुळाशी ‘/’ आणि त्याखाली सगळी फोल्डरं. पेन ड्राइव्ह लावला तरी तो याच झाडाच्या एखाद्या फांदीला जोडला जातो. सी, डी, ई अशी ड्राइव्हची अक्षरं तिथे नाहीतच.

मायक्रोसॉफ्टची डॉस १९८१ साली आली तेव्हा तिच्यात फोल्डर हा प्रकारच नव्हता. ‘/’ हे चिन्ह कमांडला सूचना देण्यासाठी वापरलं जायचं, म्हणजे अमुक पद्धतीने यादी दाखव, वगैरे. १९८३ मध्ये डॉस २.० आली आणि फोल्डर आली. पण ‘/’ ची खुर्ची आधीच भरलेली होती. मग फोल्डरच्या नावांमध्ये उलटी रेघ, म्हणजे ‘\’ बसवण्यात आली. चाळीस वर्षं झाली, ती अजून तिथेच आहे.

गंमत अशी, की युनिक्सच्या शेलमध्ये याच उलट्या रेघेला वेगळाच अर्थ आहे. तिच्यानंतरचं अक्षर साधं अक्षर म्हणून घे, असा. त्यामुळे ‘सीडी डी:\नाटक\पोस्टर’ असं बॅशमध्ये लिहिलं की शेल दोन्ही रेघा गिळून टाकतो आणि उरतं ‘डी:नाटकपोस्टर’. असं फोल्डर कुठेच नसतं. पाथ एकेरी अवतरणचिन्हांत टाकला किंवा रेघा सरळ केल्या की हा प्रश्न मिटतो. विंडोजच्या आतल्या यंत्रणेला सरळ रेघही बहुतेक ठिकाणी चालते, हे फार लोकांना माहीत नसतं.

तीन दुभाषे, तिघांची तीन नावं

विंडोजवर लिनक्ससारखं वातावरण मिळवायचे आज तीन मोठे रस्ते आहेत. सर्वात जुना सिगविन, १९९५ साली सिग्नस सोल्यूशन्स या कंपनीत स्टीव्ह चेंबरलेन यांनी सुरू केलेला. दुसरा एमसिस, जो बहुतेकांच्या कॉम्प्युटरवर गिट बॅश या रूपाने येतो. तिसरा डब्ल्यूएसएल, मायक्रोसॉफ्टने स्वतःच २०१६ मध्ये आणलेला, ज्यात उबंटूसारखं लिनक्स विंडोजच्या आतच चालतं.

डी ड्राइव्हवरच्या ‘पोस्टर’ या फोल्डरला हे तिघं काय म्हणतात बघा.

विंडोज : डी:\पोस्टर
सिगविन : /सिगड्राइव्ह/डी/पोस्टर
गिट बॅश : /डी/पोस्टर
डब्ल्यूएसएल : /एमएनटी/डी/पोस्टर

एका ठिकाणी चालणारी स्क्रिप्ट दुसऱ्या ठिकाणी का आपटते, याचं निम्मं उत्तर या चार ओळींत आहे. नावं बदलून देणारी साधनंही प्रत्येकाकडे आहेत. सिगविन आणि गिट बॅशमध्ये ‘सिगपाथ’, डब्ल्यूएसएलमध्ये ‘डब्ल्यूएसएलपाथ’. दोन्हींना ‘-डब्ल्यू’ जोडलं की विंडोजचा पत्ता मिळतो, ‘-यू’ जोडलं की युनिक्सचा.

गिट बॅशचा अतिउत्साह

या तिघांत सर्वात मदतीला धावणारा, आणि म्हणूनच सर्वात गोंधळ घालणारा, गिट बॅश. तुम्ही विंडोजचा एखादा प्रोग्राम चालवला आणि त्याला ‘/’ ने सुरू होणारी काही गोष्ट दिली, की गिट बॅश समजतो की हा युनिक्सचा पत्ता आहे, बिचाऱ्या विंडोजला कळणार नाही, आपणच बदलून देऊ. आणि विचारल्याशिवाय बदलतो.

बहुतेक वेळा हे बरोबर असतं. पण मोबाइलमध्ये व्हिडिओ पाठवायला एडीबी वापरत असाल तर? फोनमधलं ‘/एसडीकार्ड’ हे फोल्डर विंडोजवरचं नाहीच, ते फोनवरचं आहे. गिट बॅशला हे कसं कळणार? तो ‘/’ म्हणजे स्वतःचं मूळ धरतो, आणि त्याचं मूळ असतं सी ड्राइव्हवरच्या प्रोग्राम फाइल्समधलं गिटचं फोल्डर. मग फोनला निरोप जातो ‘सी:/प्रोग्राम फाइल्स/गिट/एसडीकार्ड’ मध्ये बघ. फोन म्हणतो, असलं काही नाही माझ्याकडे. डॉकर वापरणाऱ्यांनाही हाच अनुभव येतो.

याचा विनोदी अवतार म्हणजे ‘टास्ककिल /एफ’. अडकलेला प्रोग्राम जबरदस्तीने बंद करायची ही विंडोजची कमांड, त्यातला ‘/एफ’ म्हणजे फोर्स. गिट बॅशला वाटतं हा एफ ड्राइव्ह. तो ‘एफ:/’ करून पुढे पाठवतो आणि कमांड म्हणते, हा पर्याय चुकीचा आहे. अडकलेला प्रोग्राम अडकलेलाच.

उपाय सोपा आहे, फक्त सुचत नाही. रेघ दोनदा द्यायची, ‘//एफ’ किंवा ‘//एसडीकार्ड’. किंवा त्या एका कमांडपुरता बदल बंद करायचा. त्यासाठी कमांडच्या आधी ‘एमएसवायएस_एनओ_पीएटीएचसीओएनव्ही=१’ लिहायचं, सगळी अक्षरं कॅपिटल.

डब्ल्यूएसएलचा स्वभाव नेमका उलटा. तो काहीच बदलत नाही. तिथून विंडोजचं नोटपॅड उघडून त्याला ‘/एमएनटी/डी/यादी.टीएक्सटी’ दिलं, तर तेच शब्द जसेच्या तसे नोटपॅडपर्यंत जातात आणि ते बिचारं चालू ड्राइव्हवर ‘एमएनटी’ नावाचं फोल्डर शोधत बसतं. म्हणजे एका दुभाष्याला गप्प बसवावं लागतं आणि दुसऱ्याला बोलतं करावं लागतं. गिट बॅशची सवय असलेला माणूस डब्ल्यूएसएलवर गेला की चुकतो आणि तिकडचा इकडे आला की चुकतो, ते यामुळे.

ड्राइव्हचं अक्षर की दुसरा कॉम्प्युटर?

टार ही कमांड फाइलींचं गाठोडं बांधते. नावातच टेप आहे, कारण ती चुंबकीय टेपच्या काळातली. तेव्हा टेपचं यंत्र अनेकदा दुसऱ्याच कॉम्प्युटरला जोडलेलं असायचं, म्हणून पत्ता लिहायची पद्धत पडली ‘कॉम्प्युटरचं नाव, मग अपूर्णविराम, मग फाइल’. ही पद्धत आजही टारमध्ये जिवंत आहे.

आता गिट बॅशमध्ये टारला सांगा, की ‘डी:/बॅकअप.टार’ मध्ये गाठोडं बांध. टार समजतो ‘डी’ नावाचा दुसरा कॉम्प्युटर आहे. नेटवर्कवर शोधतो, सापडत नाही, आणि ‘डी’ शी संपर्क होत नाही असं सांगून थांबतो. आरसिंक आणि एससीपी यांचंही हेच. गंमत म्हणजे तीच कमांड विंडोजच्या साध्या काळ्या खिडकीत चालते, कारण २०१८ पासून विंडोज १० मध्ये मायक्रोसॉफ्टने वेगळा टार घातला आहे आणि त्याला ड्राइव्हची अक्षरं कळतात. नाव एक, प्रोग्राम दोन. गिट बॅशमध्ये ‘/डी/बॅकअप.टार’ लिहायचं किंवा ‘--फोर्स-लोकल’ जोडायचं, की झालं.

सर्वात महागात पडणारी चूक

इथपर्यंतच्या चुका निदान ओरडून सांगतात. आता गप्प राहणारी.

समजा, डब्ल्यूएसएल सुरू आहे आणि मग कुणी तरी पेन ड्राइव्ह लावला. विंडोजमध्ये तो ई ड्राइव्ह म्हणून लगेच दिसतो. मग डब्ल्यूएसएलमध्ये तो ‘/एमएनटी/ई’ इथे असणार, असं वाटणं स्वाभाविक. पण डब्ल्यूएसएल सुरू झाल्यानंतर लावलेला पेन ड्राइव्ह तिथे आपोआप जोडला जात नाही. आधी कधी जोडला असेल तर ‘/एमएनटी/ई’ हे फोल्डर मात्र रिकामं पडलेलं असू शकतं. नसेल, तर लोक सूडो लावून ते तयार करतात, कारण परवानगी नाही असा संदेश आला की सूडो लावायचा ही इंटरनेटने लावलेली सवय.

मग कॉपी होते. शंभर टक्के. एकही एरर नाही. फक्त फाइली पेन ड्राइव्हवर गेलेल्या नसतात. त्या गेलेल्या असतात लिनक्सच्या आभासी डिस्कमध्ये, जी सी ड्राइव्हवरची एक भलीमोठी फाइल असते. पेन ड्राइव्ह काढून कपाटात ठेवला जातो. दोन महिन्यांनी जागा कमी पडते म्हणून कुणी तरी उबंटू काढून टाकतं. ‘डब्ल्यूएसएल --अनरजिस्टर’ या कमांडने ती आभासी डिस्क आतल्या सगळ्या फाइलींसकट नष्ट होते आणि रिसायकल बिनमध्ये काहीही येत नाही.

त्यामुळे कॉपी करण्याआधी ‘डीएफ -एच’ आणि पुढे त्या फोल्डरचा पाथ लिहून बघणं केव्हाही बरं. उत्तरात पेन ड्राइव्हचा आकार दिसला तर ठीक. लिनक्सच्या मूळ डिस्कचा आकार दिसला तर थांबायचं. पेन ड्राइव्ह हाताने जोडायची कमांड अशी : ‘सूडो माउंट -टी डीआरव्हीएफएस ई: /एमएनटी/ई’. आणि कॉपी झाल्यावर विंडोजच्या एक्सप्लोररमधून पेन ड्राइव्ह उघडून स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं.

याच जातीची दुसरी चूक म्हणजे नावातली मोकळी जागा. विंडोजवर ‘नाटक जुने’ असं नाव देणं अगदी सहज. पण शेलसाठी मोकळी जागा म्हणजे दोन वेगळे शब्द. स्क्रिप्टमध्ये हे नाव अवतरणचिन्हांशिवाय आलं आणि पुढे फोल्डर उडवायची ‘आरएम -आरएफ’ असेल, तर ती ‘नाटक’ आणि ‘जुने’ अशी दोन फोल्डरं उडवायला निघते. ‘नाटक’ नावाचं चालू हंगामाचं फोल्डर शेजारीच असेल तर ते गेलं. जुनं मात्र शाबूत.

लहान-मोठ्या अक्षरांचं प्रकरणही यातलंच. लिनक्समध्ये पोस्टरचं इंग्रजी स्पेलिंग पहिलं अक्षर कॅपिटल करून आणि न करता, अशा दोन वेगळ्या फाइली एकाच फोल्डरमध्ये राहू शकतात. विंडोजसाठी ते एकच नाव. दोन्ही फाइली डी ड्राइव्हवर कॉपी केल्या की तिथे एकच उरते. देवनागरीत कॅपिटल-स्मॉल नसल्यामुळे या एका फंदातून मराठी नावं सुटली आहेत. पण त्यांचे स्वतःचे फंद आहेत.

मराठी नाव दिलं की काय होतं?

आधी लांबी. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं, आणि काना, मात्रा, अनुस्वार ही सगळी वेगळी चिन्हं मोजली जातात. ‘वडसा’ म्हणजे चार चिन्हं, १२ बाइट. ‘देसाईगंज’ म्हणजे आठ चिन्हं, २४ बाइट. विंडोजची एनटीएफएस फाइलच्या नावाला २५५ चिन्हं देते. लिनक्सची ईएक्सटी४ देते २५५ बाइट, म्हणजे देवनागरीची जेमतेम ८५ चिन्हं. नाटकाचं नाव, मंडळाचं नाव, गाव, तारीख असं सगळं घालून ठेवलेली फाइल विंडोजवर वर्षानुवर्षं सुखाने नांदते आणि उबंटूच्या होम फोल्डरमध्ये नेताना मात्र नाव फार लांब आहे असं ऐकवलं जातं. तेवढ्याच अक्षरांचं इंग्रजी नाव सहज गेलं असतं.

मग गिट. त्याची यादी काढली की मराठी नावांच्या जागी आकड्यांची रांग दिसते. ‘व’ च्या जागी \३४०\२४४\२६५. फाइल खराब झाली असं वाटून लोक घाबरतात. काही झालेलं नसतं. गिट त्या तीन बाइट आठाच्या अंकपद्धतीत लिहून दाखवत असतो. ‘कोअर.कोटपाथ’ ही सेटिंग ‘फॉल्स’ केली की नावं नीट दिसतात.

खरी मेख आहे मराठीच्या लाडक्या ‘ऱ्या’ मध्ये. ‘सातबाऱ्याची नक्कल’ हे नाव डोळ्यांना एकच दिसतं, पण कॉम्प्युटरच्या आत ते तीन प्रकारे लिहिलेलं असू शकतं. पहिला प्रकार, युनिकोडमधला स्वतंत्र ‘ऱ’, मग हलन्त आणि ‘य’. दुसरा, साधा ‘र’ आणि त्याला नुक्ता. तिसरा, जुन्या कीबोर्डांनी रूढ केलेला, साधा ‘र’, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह.

मॅकची जुनी फाइल सिस्टीम एचएफएस प्लस पहिल्या प्रकारचं नाव गुपचूप दुसऱ्या प्रकारात बदलून साठवायची. २०१७ मध्ये आलेल्या एपीएफएसने ही सवय सोडली, पण जुन्या मॅकवर तयार झालेल्या झिप फाइली अजून फिरतात. डिझायनरने मॅकवरून पाठवलेलं फोल्डर विंडोजवरच्या फोल्डरमध्ये मिसळलं, की एकाच नावाच्या दोन फाइली शेजारी शेजारी दिसतात. कमांडमध्ये नाव टाइप केलं तर एक सापडते, दुसरी नाही. पहिल्या दोन प्रकारांत एकवाक्यता आणायला लिनक्सवर ‘कॉनव्हीएमव्ही’ हे साधन ‘--एनएफसी’ पर्यायासह चालतं. तिसऱ्या प्रकाराला मात्र युनिकोड वेगळाच शब्द मानतं, त्यामुळे तिथे हाताने नाव बदलण्यावाचून गत्यंतर नाही. अशी फाइल पकडायची सोपी युक्ती म्हणजे नाव टाइप न करता पहिली एक-दोन अक्षरं लिहून टॅबची कळ दाबायची.

यादी बरोबर, तरी फाइल सापडेना

शंभर फाइलींची नावं नोटपॅडमध्ये लिहून ती यादी बॅशच्या स्क्रिप्टला दिली, आणि एकही सापडली नाही, हाही नेहमीचा प्रकार. विंडोज प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन अदृश्य चिन्हं ठेवतं, लिनक्स एकच. ते जास्तीचं चिन्ह नावाला चिकटतं आणि नावच बदलतं. एरर वाचायला गेलं तर तीही अर्धवट, कारण त्या चिन्हामुळे कर्सर ओळीच्या सुरुवातीला जातो आणि पुढचा मजकूर आधीच्यावर छापला जातो. ‘डॉस-टू-युनिक्स’ नावाचं छोटं साधन यादीवर एकदा फिरवलं की चिन्ह जातं. त्याच्या नावात ‘टू’ च्या जागी २ हा आकडा असतो.

आणि शेवटी, न मरणारी फाइल. विंडोजमध्ये सीओएन, पीआरएन, एयूएक्स, एनयूएल अशी काही नावं डॉसच्या काळापासून राखीव आहेत. नको असलेला मजकूर फेकायचा तर विंडोजच्या कमांडमध्ये तो ‘एनयूएल’ कडे वळवतात. लिनक्समध्ये त्यासाठी ‘/डेव्ह/नल’ आहे. विंडोजची सवय असलेल्याने गिट बॅशमध्ये ‘>एनयूएल’ लिहिलं, की कचरापेटी मिळायच्या ऐवजी त्या नावाची खरीखुरी फाइल तयार होते. एक्सप्लोररमधून ती उडवायला गेलं तर विंडोज दाद देत नाही, कारण त्याच्या मते असं नाव फाइलला असूच शकत नाही. व्हायरस समजून फॉरमॅट मारायला निघालेल्यांनी आधी गिट बॅश त्याच फोल्डरमध्ये उघडावं आणि ‘आरएम एनयूएल’ लिहावं. ज्याने ती जन्माला घातली, त्यालाच ती काढता येते.